पत्र्याच्या शेडमधलं वय

त्या बाईचं वय मी मतदार ओळखपत्रावरून उतरवून घेतलं. माणूस समोर बसलेलं होतं आणि मी कार्डाकडे बघत होते. पुढचा सगळा घोळ त्या एका रकान्यातून सुरू झाला, म्हणून माझी चूक आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी नांदेडला एका संशोधन प्रकल्पावर काम करत होते. मूळची नर्स, प्रकल्पात मला समन्वयक म्हणायचे. समन्वयक म्हणजे रुग्णाचं वजन घ्यायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, रक्त वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचं आणि हे सगळं कागदावर लिहायचं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा तिथला नियम. मला तो आवडायचा. वॉर्डात बरीच वर्षं धावपळ केल्यावर नीट लिहिलेला कागद ही चैन वाटते.

आमचा प्रश्न साधा होता. एचआयव्हीसाठी सरकारी केंद्रातून नवी गोळी द्यायला सुरुवात झाली होती. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, रात्री झोपताना. आधीच्या औषधांपेक्षा कितीतरी सुसह्य. फक्त तिच्यातलं एक औषध काही जणांच्या किडनीला त्रास देतं. इतर देशांत काय झालं ते पुस्तकांत होतं. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या, दिवसभर चुलीपाशी नाहीतर उन्हात असणाऱ्या, संडासाची सोय नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या आपल्याकडच्या बायांचं काय होतं, ते मात्र आम्हाला कुठं लिहिलेलं सापडत नव्हतं. ते आम्ही पाहत होतो.

औषध केंद्राचं, तपासणी आमची. दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायचं. त्यातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीनं गाळून टाकायच्या कचऱ्याचा आकडा, वजन आणि वय एका सूत्रात घातलं की किडनी किती काम करते त्याचा अंदाज निघतो. पन्नासच्या वर असेल तर गोळी चालू. पन्नासच्या खाली गेला, पुन्हा तपासून तोच आला, तर गोळी बंद आणि दुसरं औषध सुरू. यात कुणाची मर्जी चालत नसे.

आमच्याकडे निम्मे रुग्ण लातूरकडचे होते. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आपल्या गावच्या केंद्रात सहसा कुणी जात नाही. लातूरचे नांदेडला येतात, नांदेडचे लातूरला जातात. अहमदपूरच्या स्टँडवर दोन्हीकडच्या एसट्या समोरासमोर लागतात, तेव्हा खिडकीतून एकमेकांकडे बघणाऱ्यांपैकी काही जण एकाच कामाला निघालेले असतात.

ही बाई त्यांतलीच. लातूरला क्लासेसच्या भागात मेस चालवायची. बावीस मुली, दोन वेळचं जेवण, रविवारी एक वेळ गोड. क्लासेसची लाट आली तेव्हा त्या गल्ल्यांमधल्या प्रत्येक घराचं हॉस्टेल झालं, आणि ज्यांच्याकडे द्यायला खोली नव्हती त्यांनी पोळपाट काढलं. तिनंही तेच केलं. नवरा सेंट्रिंगच्या कामावर गावोगाव फिरायचा, तो आजारपणात गेला होता. एक मुलगी बारावीला. मुलीची तपासणी लहानपणीच झाली होती, ती निर्धोक होती.

अंगानं सडसडीत, बोलायला फटकळ. गाल आत गेलेले. ती तिच्या पहिल्या औषधाची खूण होती; त्या जुन्या औषधानं चेहऱ्यावरची चरबी जायची आणि आमच्या क्षेत्रातला माणूस रस्त्यावरूनही ओळखायचा की हा कुठल्या गोळ्या खातो. दुसरं औषध दिलं तर हिमोग्लोबिन सहावर आलं, रक्त चढवावं लागलं. तिसरी ही नवी गोळी. ती तिला मानवली. शिवाय एकच, आणि रात्रीची, म्हणजे मुलींच्या देखत खायची नाही. यानंतर जे औषध उरलं होतं ते दिवसातून दोनदा घ्यायचं होतं आणि त्यासाठी वरच्या समितीची मंजुरी लागायची. ती कधी येईल याचा नेम नसे.

एका खेपेला प्रयोगशाळेतून आमच्या तंत्रज्ञानं रिपोर्ट स्वतः आणून दिला. हा जुन्या नांदेडातल्या अत्तरवाल्यांच्या घरातला. मला आपा म्हणायचा, मी त्याला भाई.

“आपा, हा नंबर बघा. मागच्या आठवड्यात एक पॉइंट एक, आजही एक पॉइंट एक. मशीन दोनदा फिरवलं, तेच येऊन राहिलंय.”

मी सूत्र मांडलं. वजन चव्वेचाळीस, वय अडतीस. उत्तर आलं अठ्ठेचाळीस आणि वर थोडं.

“गेली का गोळी?” त्यानं विचारलं.

“गेली.”

“दोन नंबरांसाठी?”

“दोन असोत नाहीतर वीस. रेघ ती रेघ.”

“खरंय,” तो म्हणाला आणि तरी तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, “पण नमुना मी हातात धरला ना, तुम्ही फक्त कागद धरला,” आणि गेला. त्याला असली टोचणी लावून जायची सवय होती.

बाईला मी आत बोलावलं आणि सरळ सांगितलं. वळसे घालून सांगितलं की लोक जास्त घाबरतात.

“गोळी बदलावी लागेल. किडनीचा आकडा कमी आलाय.”

“किती?”

“अठ्ठेचाळीस. पन्नास लागतात.”

“आन् दोन कुठं गेले?”

“कुठं गेले नाहीत. हिशेब असा आहे,” म्हणून मी तिला सूत्र समजावलं. मेस चालवणारी बाई. हिशेब तिला माझ्यापेक्षा चटकन कळायचा. रक्तातला आकडा, वजन, वय.

“वय बी धरता का त्यात?”

“धरतो. वय वाढलं की किडनी थोडी मंद होते.”

“आन् वय कमी असलं तर?”

“तर उत्तर वर जाईल.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मग ताई, तुमच्याकडं लिव्हलेलं वय चूक हाय. मी अडतीसची न्हाई.”

खरं सांगते, मला राग आला. अशी युक्ती मी आधीही पाहिली होती. वजन कमी पडलं की कमरेला चिल्लर बांधून काट्यावर उभे राहणारे होते. “आणि हे तुम्हाला आत्ता आठवलं?”

“आठवायचं काय त्यात? मला ठावंच हाय. तुम्ही इचारलं कधी?”

विचारलं नव्हतं. कार्ड पुढे केलं, मी उतरवून घेतलं.

“कार्डावर अडतीस आहे,” मी म्हणाले.

“कार्ड भूकंपाच्या यादीवरनं झालं. यादी काकानं सांगितली. मी तेरा वर्षांची व्हते, काकानं अठरा लिव्हली.”

मग तिनं सांगितलं, ते भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात. आई, बाप, दोन भाऊ एकाच खोलीत गेले. ती अंगणात होती, म्हणून राहिली. पत्र्याच्या शेडमध्ये यादी करायला माणसं आली. सज्ञान वारस असेल तर सरकार देणार ते नव्या गावातलं घर त्याच्या नावावर. लहान असेल तर पालकाच्या. पालक व्हायला चुलत्यांपैकी तिघे-चौघे तयार होते. हा धाकटा काका भला माणूस. त्यानं विचार केला, पोरीचं घर पोरीच्याच नावावर राहू दे, आणि तिला उभी करून सांगितलं, लिहा अठरा. अंगापिंडानं थोराड होती. लिहिणाऱ्यानं वर बघितलं नाही. पुढं त्याच यादीवरून रेशन कार्ड, त्यावरून मतदार कार्ड, आणि दुसऱ्या वर्षी लग्न. कागदावर एकोणीसची, खरी चौदाची.

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. पण त्या शेड मी पाहिल्या होत्या. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नर्सिंग शिकत होते. आम्हा मुलींना ट्रकमध्ये बसवून तिकडे नेलं. मी तंबूत केसपेपर लिहायला बसले होते. नाव, गाव, वय, जखम. शुद्धीत नसलेल्याचं वय कोण सांगणार? चेहऱ्यावर धूळ, केसांत माती. वीस वर्षांची चाळीसची दिसायची. मी अंदाजानं लिहीत गेले. शून्यानं संपणारे आकडे सोपे पडतात म्हणून तीस, चाळीस, पन्नास. ते कागद पुढं कुठं गेले, कुणाच्या कुठल्या कामाला लागले, याचा मी कधी विचार केला नव्हता.

तिला मी “पुरावा लागेल,” एवढंच म्हणाले. “भूकंपाआधीचा एखादा कागद.”

“गावची शाळा तर पडली. सगळं मातीत गेलं. पर चवथीपस्तोर मी आजोळी व्हते. रेणापूरच्या पल्याड. ती शाळा हाय उभी.”

आमच्या प्रकल्पाचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, केंद्रातल्या रुग्णांवर उपचारही तेच करायचे. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः कागदावर गणित केलं. तेहतीस वय धरलं की उत्तर पन्नासच्या अर्ध्या अंकानं वर येत होतं.

“सिस्टर, किडनी तीच आहे,” ते म्हणाले. “आपण तिला अडतीस म्हणा नाहीतर तेहतीस.”

“मग रेघ कशाला आखायची?”

“रेघ नसेल तर प्रत्येक डॉक्टर आपल्या मनानं चालेल. तेही नको.” त्यांनी चष्मा पुसला. “कागद मिळतो का बघा. गोळी पुढच्या शनिवारपर्यंत थांबवत नाही. तेवढा अधिकार मला आहे.”

शनिवारी सकाळची शाळा असते. मी पहाटेच नांदेडच्या विष्णुपुरीतून निघाले, लातूरला गाडी बदलली आणि साडेदहाला रेणापूरच्या स्टँडवर उतरले. ती आधीच येऊन उभी होती, इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी. एरवी मेसच्या धबडग्यात तिला पाहिलेलं नव्हतं, पण दवाखान्यात ती नेहमी घाईत असायची. आज पाहुणी आल्यासारखी दिसत होती.

“शाळेत तुम्ही माझी मावसबहीण,” तिनं बजावलं. “जास्त इंग्रजी बोलू नका.”

“मी कधी बोलते?”

“फोनवर बोलता की. सँपल, सँपल.”

ऑटोनं आजोळच्या गावी गेलो. मुख्याध्यापक तरुण होते, उत्साही. नातेवाईक लांबून आलेत म्हणून त्यांनी कपाट उघडलं, लाल कापडात बांधलेली रजिस्टरं काढली. धुळीनं तिघंही शिंकलो. दाखल झाल्याचं वर्ष तिनं सांगितलं आणि वहीत तिचं नाव दहा मिनिटांत सापडलं. बापाचं नाव, गाव, जात, इयत्ता पहिली. जन्मतारीख एक जून, आणि साल धरलं तर आज वय तेहतीस.

मी वरचं नाव पाहिलं. एक जून. खालचं. एक जून. अख्ख्या पानावर दोन पोरं सोडून सगळी एक जूनला जन्मलेली.

मुख्याध्यापक हसले. “आमच्या त्या गुरुजींच्या राज्यात सगळं गाव एकाच दिवशी बाळंत झालं, मॅडम.”

यात मला नवं काही नव्हतं. माझीही जन्मतारीख एक जूनच आहे. आमच्या पिढीत आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग गुरुजी जूनच्या एक तारखेला पोराला सहा वर्षं पूर्ण करून टाकायचे. म्हणजे इतक्या लांब येऊन मला जो पुरावा मिळाला, तोही कुणीतरी बसल्या जागी ठरवलेलाच होता.

“पण सहा वर्षं झालीत हे गुरुजी कशावरून ठरवायचे?” मी विचारलं.

“हात,” मुख्याध्यापक म्हणाले आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन त्यांनी डावा कान धरून दाखवला. “कान हाताला लागला की पोरगं सहाचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी या.”

“माझा लागला न्हवता,” बाई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“आजोबा व्हतं संगं. म्हणलं, गुरुजी, पोरीनं मान जरा वाकडी केली की लागतंय बघा. घरी लई उच्छाद मांडती, घ्या तिला. गुरुजी म्हणलं, कर मान वाकडी.” तिनं तिथंच मान वाकडी करून दाखवली आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आत गेलेल्या गालांवर ते हसू विचित्र दिसत होतं, पण छान दिसत होतं.

मी मनात गणित करत होते. कान हाताला लागला नव्हता, म्हणजे ती पाचचीच असणार. वही खोटी असलीच तर तीही वय वाढवूनच खोटी होती. एकदा गुरुजींनी वाढवलं, एकदा काकानं. ती तेहतीस असेल, कदाचित बत्तीस. अडतीस कुठल्याही वाटेनं नव्हती. माझ्या मनातली शंका तिथं मिटली.

“दाखला लिहून देऊ का?” मुख्याध्यापकांनी विचारलं. “शिक्का इथंच आहे.”

“द्या,” मी म्हणाले.

“नको गुरुजी,” ती म्हणाली.

ती इतक्या ठामपणे म्हणाली की मुख्याध्यापकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी तिच्या कोपराला धरून तिला बाहेर आणलं. शाळेसमोर चहाची टपरी होती. दोन चहा सांगितले आणि तिला म्हणाले, “सकाळपासून चार तास एसटीत बसलेय मी. दाखला नको होता तर मला इथं आणलंत कशाला?”

“तुम्हाला खरं वाटावं म्हणून. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं कसं बघितलं, मला काय कळलं न्हाई व्हय? चोरावानी.”



मग तिनं घराचं सांगितलं. भला काका आता नव्हता. त्याच्या मोठ्या भावाचा मुलगा, तिचा चुलतभाऊ, त्या नव्या गावातल्या घराकडे कित्येक वर्षं डोळा लावून होता. घर तिनं भाड्यानं दिलं होतं, पुढं मुलीच्या नावावर करायचं होतं. चुलतभाऊ गावात सांगत फिरायचा की ही तेव्हा सज्ञान नव्हतीच, घर फसवून घेतलंय. त्याच्याकडे फक्त कागद नव्हता.

“आन् तो कागद मीच काढून देऊ?”

“आमच्या फाइलमध्ये तुमचं नाव नसतं,” मी म्हणाले. “नंबर असतो. दाखल्यावरचं नाव आम्ही काळ्या शाईनं झाकतो.”

“तुमच्या फाइलीचं झालं ते. शाळेत नोंद पडती की, दाखला कुणाला दिला, कवा दिला. एकदा कागद निघाला की निघाला, ताई. आज कपाटात, उद्या कुणाच्या तरी हातात.”

 काका एकदा एका यादीत पाच वर्षं वाढवून बोलला होता, आणि ती पाच वर्षं रेशन कार्डात, मतदार कार्डात, लग्नाच्या नोंदीत आणि शेवटी माझ्या फाइलीत येऊन बसली होती. कागद स्वतःच्या पायानं चालतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“मग घर ठेवायचं की गोळी?” मी विचारलं. विचारायला कठोर होतं, पण प्रश्न तोच होता.

“दोन्ही,” ती म्हणाली. “कसं ते तुम्ही बघा. शिकलेल्या तुम्ही हाव.”

सोमवारी मी फाइलीत टिपण लिहिलं. शाळेचं मूळ रजिस्टर मी स्वतः पाहिलं, नोंद अमुक अशी आहे, दाखला काढण्यास सहभागी व्यक्ती तयार नाही. खाली सही केली. आमचे कागद तपासणारी मुलगी पुण्याहून दर महिन्याला फोन करायची. हुशार, गोड आवाजाची, कामात चोख. तिनं टिपण वाचून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण तुम्ही पाहिलं हा पुरावा होत नाही. शिक्क्याची प्रत हवी. नाहीतर ओळखपत्रावरचं वय कायम राहील, आणि मग नियमाप्रमाणे तिची गोळी बंद झाली पाहिजे.”

ती चूक नव्हती. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. उद्या एखादा समन्वयक म्हणेल मी पाहिलं, परवा दुसरा म्हणेल मला वाटलं, आणि मग संशोधनाला अर्थ उरत नाही. मी फोन ठेवला. शेजारी तंत्रज्ञ नमुन्यांचं खोकं बंद करत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आपा, तुमच्या कागदाला किडनी असते ना, तर केव्हाच फेल झाली असती,” तो म्हणाला.

“भाई, कामाला जा.”

“जातो की. पण बाईला सांगणार कोण, तुम्ही की कागद?”

बाई ठरल्याप्रमाणे त्या आठवड्यात आली. मी तिला जसं होतं तसं सांगितलं: दाखला दिला नाही तर अभ्यासात तिचं वय अडतीसच राहील, आणि अडतीस राहिलं तर गोळी जाईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आन् मी तुमच्या अभ्यासातच न्हाई राहिले तर?”

आमच्या संमतीपत्रात तशी एक ओळ असते. सहभागी व्यक्ती केव्हाही, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. ती मी शेकडो वेळा मोठ्यानं वाचली असेन. ऐकणारे मान हलवायचे. ती ओळ वापरायची असते हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. एक तर आमच्याकडे आलं की तपासणी वेळेवर व्हायची, कुणी सोडून कशाला जाईल?

मी तिला घेऊन सरांकडे गेले.

“अभ्यासाबाहेर गेल्या तर त्या केंद्राच्या साध्या रुग्ण,” सर म्हणाले. “मग वयाचा कागद मागणारं कुणी नाही. केंद्राच्या कार्डावर रुग्ण सांगेल ते वय, आणि निर्णय माझा.” मग माझ्याकडे वळले. “सिस्टर, रजिस्टर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?”

“पाहिलं.”

“खात्री किती?”

“एक जूनइतकी,” मी म्हणाले. “पण वय असलंच तर त्याहून कमी आहे, जास्त नाही.”

त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिला कळेल असं सांगितलं. आकडा पन्नासच्या वर आहे, पण केसाच्या अंतरानं. गोळी चालू ठेवायची तर तीन महिन्यांनी नाही, दर महिन्याला रक्त द्यावं लागेल. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन खायच्या नाहीत. पाणी प्यायचं, काम कितीही असलं तरी. आणि आकडा खाली गेला तर वय कुठलंही असो, गोळी बंद. “मान्य?”

“दर महिन्याला नांदेड?”

“दर महिन्याला.”

तिनं मनातल्या मनात काहीतरी मांडून पाहिलं असावं. पहाटेची भाजी, दुपारच्या पोळ्या, त्या दिवशी मेस कोण सांभाळेल. “मान्य,” ती म्हणाली.

सरांनी केंद्राच्या कार्डावरचं अडतीस खोडलं, बाजूला तेहतीस लिहिलं आणि सही केली. इतकं सोपं होतं ते. आमच्या फाइलीत मात्र मला बाहेर पडल्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात कारणाचा रकाना होता. मी तिला विचारलं, काय लिहू?

“न्हाई सांगितलं म्हणून लिव्हा.”

कारण मला शब्दन् शब्द माहीत होतं. मी लिहिलं: कारण सांगितले नाही. तेही खोटं नव्हतं.

आमचं नुकसान झालं, हेही सांगायला हवं. आम्हाला जे शोधायचं होतं ते नेमकं तिच्यासारख्या बायांमध्ये होतं. कमी वजन, जुनी औषधं सोसलेली, रेघेवर उभी. ती गेली आणि तक्त्यातून तो एक आकडा गेला. मी सरांना म्हणाले की लातूरकडचे बाकीचे रुग्ण पुन्हा तपासू या, वय तोंडानंही विचारू या. त्यांनी पुण्याशी बोलून परवानगी घेतली आणि मी एकेकाला विचारत गेले. काहींचं बरोबर होतं. काहींनी सांगितलं की त्या यादीत वय वाढवलं. एका म्हाताऱ्यानं कमी केलं होतं, तरुण दिसलो तर रोजगार मिळेल म्हणून. काहींनी दाखले आणले, काहींनी हात जोडले आणि जे आहे ते राहू द्या म्हणाले. ज्यांचं दुरुस्त झालं नाही त्यांचं तसंच राहिलं. शेवटच्या अहवालात वयाच्या रकान्याखाली एक ओळ यावी असा मी हट्ट धरला: वय कागदपत्रांनुसार. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार, ते मला माहीत नाही. पण लिहिलं नसतं तर तेवढंही झालं नसतं.

ती दर महिन्याला येत राहिली. पहिल्या महिन्यात आकडा जिथल्या तिथं होता. सरांनी दुखण्याच्या गोळ्यांचं पुन्हा विचारलं. तिनं कबूल केलं की पोळ्या लाटून खांदा भरून आला की अजून एखादी घेते. सरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनंही ऐकून घेतलं; एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

दुसऱ्या महिन्याचा रिपोर्ट तंत्रज्ञानं पुन्हा स्वतः आणला. क्रिएटिनिन एक. ती माझ्या टेबलासमोर बसली होती, आता आमच्या अभ्यासातली नव्हती तरी सवयीनं तिथंच बसायची. मी कागद ओढून सूत्र मांडलं. तिची नजर माझ्या पेनावर.

“पंचावन्न,” मी म्हणाले.

“म्हंजे गोळी हाय?”

“महिनाभर आहे.”

“मग द्या लवकर, अकराची गाडी हाय. पोरींची उद्या टेस्ट, आज रात्री सगळ्या माझ्याकडंच जेवणार.”

केंद्राच्या खिडकीतून तिनं बाटली आणली आणि माझ्या टेबलावरच झाकण उघडलं. पिशवीतून हिंगाची रिकामी डबी काढली, गोळ्या त्यात ओतल्या, वर कापूस दाबला म्हणजे खुळखुळ वाजू नये. ओल लागते, झाकण घट्ट लावा, एवढं मी म्हणाले. तिनं ते आणखी एकदा पिळलं, डबी ब्लाउजमध्ये ठेवली आणि रिकामी बाटली माझ्याकडे सरकवून निघून गेली.

मी बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं, बाटली कचऱ्यात टाकली आणि पुढचा क्रमांक पुकारला.